‘नेक टू नेक’ म्हणू नका: चुरशीचे इंग्रजी वाक्प्रचार कसे शिकायचे

मराठीत गळ्यात गळा घातला की दोस्ती होते. इंग्रजीत मानेला मान लागली की चुरस होते. घोटाळा इथूनच सुरू होतो. ‘द टू टीम्स वेअर नेक टू नेक’ हे वाक्य नागपुरातल्या इंग्रजी क्लासात, ऑफिसात, टीव्हीवरच्या चर्चेत सर्रास कानावर पडतं, पण मूळ वाक्प्रचार ‘नेक अँड नेक’ असा आहे. ‘टू’ आला कुठून? बहुधा आपल्या ‘खांद्याला खांदा’, ‘हाताला हात’ यांच्यातल्या ‘ला’मधून. मराठीतली विभक्ती इंग्रजीत गेली आणि तिथेच बसली.

हे मार्गदर्शन स्पर्धा आणि चढाओढीच्या वाक्प्रचारांपुरतंच आहे. मुलाखत, ग्रुप डिस्कशन, आयईएलटीएस या इंग्रजीच्या चाचणीतली बोलण्याची परीक्षा, नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रातल्या एखाद्या कंपनीतली क्लायंटसोबतची बैठक, अशा ठिकाणी हा विषय निघतोच. त्यासाठी दोनशे वाक्प्रचारांची यादी पाठ करू नका. यादीतून पाठ केलेला वाक्प्रचार तोंडात येतो तेव्हा एक तर शब्द हललेला असतो, नाहीतर जागा चुकलेली असते. पंधरा पक्के केले तरी पुष्कळ. साहित्य म्हणाल तर शंभरपानी वही, पेन्सिल, वर्तमानपत्राचं क्रीडापान आणि रोजची वीस मिनिटं.

प्रत्येक वाक्प्रचाराला तीन प्रश्न विचारायचे. हा कोणत्या मैदानावरून आला? हा सामन्याआधीचा, सामना चालू असतानाचा, की निकालानंतरचा? आणि वाक्यात कर्ता कोण, जिंकणारा की झुंज देणारा? अर्थ पाठ असूनही लोक चुकतात ते जवळजवळ नेहमी दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रश्नावर.

‘रायव्हल’ या शब्दापासूनच पहा. लॅटिनमध्ये ‘रिव्हस’ म्हणजे ओढा आणि ‘रिव्हालिस’ म्हणजे त्याच ओढ्याचं पाणी वापरणारा दुसरा माणूस. विदर्भातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एका पाटाचं पाणी दोन वावरांत जात असेल, मध्ये एकच धुरा (बांध) असेल, तर पुढचं सगळं आलंच. म्हणजे रायव्हल हा परका शत्रू नसतो, त्याच पाण्यावर हक्क सांगणारा शेजारी असतो. म्हणून दोन कंपन्या, दोन कॉलेजं, दोन भावंडं ‘रायव्हल्स’ असतात. चोर आणि पोलिस नसतात. संस्कृतात हीच गोष्ट घरात घडली. ‘सपत्नी’ म्हणजे सवत, आणि त्यावरूनच ‘सपत्न’ म्हणजे प्रतिस्पर्धी. उच्चार ‘रायव्हल’, जोर पहिल्या ‘राय’वर, ‘रिव्हल’ नाही.

घोड्यांच्या शर्यतीतून आलेले

इंग्रजीतल्या चुरशीचा मोठा साठा घोड्यांच्या शर्यतीतून आला आहे. शंकरपट पाहिलेल्या माणसाला यातली बरीच चित्रं आपोआप कळतात, फक्त बैलांच्या जागी घोडे ठेवायचे.

‘नेक अँड नेक’: दोन घोड्यांच्या माना एका रेषेत आहेत, कोण पुढे ते सांगता येत नाही. हा शर्यत चालू असतानाचा वाक्प्रचार आहे. ‘द टू कँडिडेट्स आर नेक अँड नेक’ हे मतमोजणी सुरू असताना चालेल. निकाल लागल्यावर कोणाची तरी मान पुढे गेलेली असते, तेव्हा ‘दे आर नेक अँड नेक’ म्हणणं चूक. विशेषण म्हणून आधी टाकायचं तर ‘अ नेक-अँड-नेक रेस’. बोलताना मधला ‘अँड’ जवळजवळ ‘न’ होतो: ‘नेक-न-नेक’. तिथे ‘अँड’वर जोर दिला की तबल्याचा ठेका चुकल्यासारखं वाटतं. मराठीत ‘अटीतटीचा सामना’ म्हणतो तेव्हा सहसा हेच म्हणायचं असतं.

निकालानंतर थोडक्या फरकासाठी ‘बाय अ व्हिस्कर’ आहे. व्हिस्कर म्हणजे मांजराची मिशी, तेवढ्या फरकाने. इथे घोडा नाही, पण जागा हीच. उदाहरण घरचं आहे. 2017-18 च्या रणजी उपांत्य सामन्यात कोलकात्याला विदर्भाने कर्नाटकला फक्त 5 धावांनी हरवलं. ‘विदर्भ वन बाय अ व्हिस्कर.’ लगेच इंदूरला झालेल्या अंतिम सामन्यात दिल्लीला 9 गडी राखून हरवलं, तिथे व्हिस्कर चालणार नाही. तिथे ‘हँड्स डाउन’.

‘हँड्स डाउन’चं चित्र पहा. जॉकी इतका पुढे आहे की घोड्याला हाकायची गरजच उरली नाही, म्हणून तो लगाम सैल सोडून हात खाली करतो. म्हणजे विजय नुसता मोठा नाही, विनासायास. ‘विदर्भ वन द फायनल हँड्स डाउन.’ क्रियापद आधी, वाक्प्रचार शेवटी. ‘हँड्स डाउन विन केला’ अशी खिचडी करायची सवय इंग्रजी वाक्यातही घुसते, ती तोडा. आता आणखी एक परीक्षा. 2024-25 च्या रणजी अंतिम सामन्यात नागपूरजवळच्या जामठ्याला विदर्भाने केरळविरुद्ध विजेतेपद मिळवलं ते पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर. सामना अनिर्णित राहिला. इथे ‘हँड्स डाउन’ म्हणाल का? करंडक तोच, पण लगाम कोणी सैल सोडला नव्हता. उत्तर नाही. अलीकडे बोलण्यात ‘हँड्स डाउन द बेस्ट’ असंही म्हणतात, म्हणजे निर्विवाद उत्तम: ‘दिस इज हँड्स डाउन द बेस्ट तर्री-पोहा इन टाउन.’ ते बिनधास्त वापरा, फक्त लेखी अर्जात नको.

केरळसाठी मात्र नेमका वाक्प्रचार तयार आहे: ‘केरळा गेव्ह विदर्भ अ रन फॉर देअर मनी.’ या एका वाक्प्रचारावर जरा थांबायला हवं, कारण तो ऐकून लोक पैशांच्या मागे धावतात. मूळ अर्थ पैज लावणाऱ्याचा. घोड्यावर पैसे लावले, घोडा जिंकला नाही, पण निदान जीव तोडून पळाला, पैशांची शर्यत तरी पाहायला मिळाली. आजचा अर्थ: समोरच्याला सहजासहजी जिंकू दिलं नाही, घाम फोडला. कर्ता नेहमी झुंज देणारा, बहुधा कमजोर किंवा नवखा. ‘देअर मनी’तला ‘देअर’ हा समोरच्याचा, झुंज देणाऱ्याचा नाही. म्हणून बलाढ्य संघ नवख्या संघाला ‘रन फॉर देअर मनी’ देत नाही, त्याला सरळ हरवतो. आपल्याकडे त्याऐवजी ‘दे गेव्ह अ टफ फाइट’ म्हणतात, ते बहुधा हिंदीतल्या ‘टक्कर दी’वरून आलेलं. इंग्रजीत फाइट देत नाहीत, ‘पुट अप अ टफ फाइट’.

‘डार्क हॉर्स’ म्हणजे काळा घोडा नाही. मुंबईच्या काळा घोड्याशीही त्याचा संबंध नाही. इथे ‘डार्क’ म्हणजे अंधारातला, ज्याची माहिती कोणाला नाही असा. बेंजामिन डिझरायली, जे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले, त्यांच्या 1831 च्या एका कादंबरीत असा कोणाच्या गणतीत नसलेला घोडा सगळ्यांना मागे टाकून निघून जातो. तिथून शब्द राजकारणात गेला. 1844 साली अमेरिकेत जेम्स पोक अनपेक्षितपणे उमेदवार झाले आणि राष्ट्राध्यक्षही. डार्क हॉर्स उमेदवाराचं पहिलं उदाहरण म्हणून त्यांचंच नाव घेतात. हा सामन्याआधीचा वाक्प्रचार आहे. 2017-18 च्या हंगामात, तोवर एकदाही अंतिम फेरी न गाठलेला विदर्भ डार्क हॉर्स होता. 2018-19 मध्ये सौराष्ट्राला 78 धावांनी हरवून तोच संघ पुन्हा जिंकला, पण त्या वर्षी तो डार्क हॉर्स नव्हता, गतविजेता होता. एकदा उजेडात आलेला घोडा पुन्हा अंधारात जात नाही. ब्रिटिश लोक हाच शब्द ‘आतल्या गाठीचा’ या अर्थानेही वापरतात: कोणी अचानक सुरेख गायला की ‘यू आर अ डार्क हॉर्स!’ त्यात कौतुक आणि थोडी तक्रार दोन्ही असतात.

‘फ्रंट-रनर’ याच्या उलट, सगळ्यांची नजर ज्याच्यावर आहे तो. ‘ऑल्सो-रॅन’ म्हणजे पहिल्या तीन-चारांत न आलेला; वर्तमानपत्रात अशा घोड्यांची नावं ‘हेही पळाले’ या मथळ्याखाली एका ओळीत छापत. मराठीत ‘खिजगणतीत नसणं’. माणसाच्या तोंडावर हा शब्द वापरू नये. ‘पिप्ड अ‍ॅट द पोस्ट’ म्हणजे शेवटच्या क्षणी तोंडचा घास गेला. हा ब्रिटिश आहे, अमेरिकन क्लायंटला तो कळेलच असं नाही.

आखाडा आणि रिंग

इथे मराठीची श्रीमंती इंग्रजीच्या तोडीस तोड आहे, आणि म्हणूनच जास्त चुका होतात. आपल्याकडे कुस्ती, त्यांच्याकडे मुष्टियुद्ध. चित्रं शेजारी आहेत, पण तीच नाहीत.

‘थ्रो वन्स हॅट इनटू द रिंग’: एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात लढायला तयार असलेला माणूस रिंगणात टोपी फेकून आव्हान स्वीकारत असे. 1912 साली थिओडोर रूझवेल्ट यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी उतरताना ‘माझी टोपी रिंगणात आहे’ असं म्हटलं आणि वाक्प्रचार राजकारणात कायमचा बसला. मराठीत आपण ‘शड्डू ठोकला’, ‘दंड थोपटले’ म्हणतो. फरक बारीक आहे. शड्डू कोणा एकाच्या नावाने ठोकतात, त्यात ललकारी असते. टोपी फेकणं म्हणजे नुसतं ‘मीही उमेदवार आहे’ हे जाहीर करणं. म्हणून महापालिकेच्या निवडणुकीत उमेदवारी जाहीर झाली तर ‘शी हॅज थ्रोन हर हॅट इनटू द रिंग’, पण ‘तिने अमक्याविरुद्ध शड्डू ठोकला’ हे सांगायचं असेल तर ‘शी इज टेकिंग हिम ऑन’ जास्त जवळचं. ऑफिसात बढतीच्या जागेसाठी नाव द्यायचं तरी टोपीच फेकायची: ‘आय वुड लाइक टू थ्रो माय हॅट इन द रिंग.’ नम्र वाक्य आहे, मॅनेजरला चालतं.

‘थ्रो इन द टॉवेल’: यातला ‘इन’ गाळू नका. ‘थ्रो द टॉवेल’ म्हणजे अंगणात टॉवेल फेकला. रिंगणाच्या कोपऱ्यात उभा असलेला साहाय्यक, आपल्या माणसाला आता आणखी मार बसू नये म्हणून आत टॉवेल टाकतो; पूर्वी स्पंज टाकत. हार पत्करण्यामागे शहाणपणही असतं, त्यामुळे मराठीतल्या ‘नांगी टाकली’त जो तुच्छतेचा सूर आहे तो इथे नाही. ‘गुडघे टेकले’ही नाही. साधं ‘माघार घेतली’ सर्वांत जवळचं.

‘ऑन द रोप्स’ म्हणजे दोरांना टेकला आहे, अजून पडलेला नाही. वेळ: सामना चालू असताना. मराठीत ‘घायकुतीला आलेला’. ‘सेव्ह्ड बाय द बेल’ म्हणजे फेरी संपल्याची घंटा वाजल्यामुळे वाचला. जिवंत पुरलेला माणूस शवपेटीतून दोरी ओढून घंटा वाजवायचा आणि त्यावरून हा वाक्प्रचार आला, अशी गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. ती खरी नाही. हाही मुष्टियुद्धातलाच आहे.

आता ‘बिलो द बेल्ट’. इथे सर्वांत जास्त फजिती होते. मुष्टियुद्धात कंबरेखाली ठोसा मारायला फार जुनी मनाई आहे. म्हणून ‘बिलो द बेल्ट’ म्हणजे अन्यायाचा, नियमाबाहेरचा वार. वादात कोणी तुमच्या वडिलांचं आजारपण काढलं तर ‘दॅट वॉज बिलो द बेल्ट’. मराठीत मात्र ‘कमरेखालचे विनोद’ म्हटलं की चावटपणा. मनात मराठी ठेवून कोणी अश्लील विनोदाला ‘बिलो द बेल्ट जोक’ म्हणतो, तेव्हा इंग्रजी ऐकणाऱ्याला वाटतं की विनोदात कोणाच्या वर्मावर घाव घातला. शब्द तेच, आरोप वेगळाच.

‘नो होल्ड्स बार्ड’ मात्र खराखुरा कुस्तीतला. होल्ड म्हणजे पकड, बार्ड म्हणजे बंदी. कोणतीच पकड वर्ज्य नाही, म्हणजे ‘हातचं राखून न ठेवता’. लिहिताना त्याचं ‘होल्स’ होतं, म्हणजे भोकं. एकदा पकडीचं चित्र डोळ्यासमोर आणलं की ही चूक पुन्हा होत नाही.

मैदान, बाजार, शेजार

‘लेव्हल प्लेइंग फील्ड’ला मराठीत तेवढा नेमका शब्द नाही, ‘समान संधी’ म्हणतो पण चित्र जातं. कलतं मैदान डोळ्यापुढे आणा. एका संघाला उताराने पळायचं, दुसऱ्याला चढाने. म्हणून मुद्दा कोण चांगलं खेळतो हा नाही, जमीन सपाट आहे का हा आहे. टेंडर, भरती, जीएसटी अशा विषयांत हा फार कामाचा: ‘द टेंडर कंडिशन्स डोन्ट गिव्ह स्मॉल फर्म्स अ लेव्हल प्लेइंग फील्ड.’ शब्द ‘फील्ड’च, ‘प्लेग्राउंड’ किंवा ‘ग्राउंड’ केलं की शाळेची मधली सुट्टी आठवते. औपचारिक लिखाणात चालणारा या यादीतला हा जवळजवळ एकटाच.

‘मूव्ह द गोलपोस्ट्स’: बॉल मारल्यावर गोल सरकवणं. अर्ज भरून झाल्यावर अटी बदलल्या, काम पूर्ण झाल्यावर क्लायंटने मोजमाप बदललं, तिथे. नेहमी अनेकवचन. ‘द क्लायंट कीप्स मूव्हिंग द गोलपोस्ट्स’ हे सहकाऱ्याला सांगायचं वाक्य आहे, क्लायंटला नव्हे. ‘जंप द गन’ म्हणजे पिस्तूल वाजण्याआधीच पळत सुटणं. ‘अपर हँड’ म्हणजे वरचष्मा; आधी ‘द’ हवा आणि क्रियापद ‘हॅव’ किंवा ‘गेन’.

‘स्टील समवन्स थंडर’चा उगम नाटकातला. जॉन डेनिस नावाच्या नाटककाराने 1709 साली लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात आपल्या नाटकासाठी ढगांचा गडगडाट करायची नवी युक्ती काढली. नाटक पडलं. थोड्याच दिवसांत तिथेच ‘मॅकबेथ’चा प्रयोग झाला, आणि गडगडाट त्याच युक्तीचा! माझा गडगडाट चोरला म्हणून तो तिथेच ओरडला, असं सांगतात. अर्थ: दुसऱ्याच्या वाट्याचं कौतुक आपल्याकडे खेचणं. मराठीत ‘भाव खाऊन जाणं’ अगदी चपखल, फक्त ‘भाव खाणं’ बिनदोषही असू शकतं आणि ‘थंडर’मध्ये चोरी आहेच. बहिणीच्या साखरपुड्यात स्वतःच्या नोकरीची बातमी जाहीर केली, तर ते थंडर चोरणं.

‘कीपिंग अप विथ द जोन्सेस’ 1913 मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात सुरू झालेल्या एका चित्रमालिकेचं नाव. शेजाऱ्याची बरोबरी करता करता जीव मेटाकुटीला. बजाजनगरातल्या एखाद्या गल्लीत मे महिन्यात पहा: एका घराच्या खिडकीतला वाळ्याचा कूलर जाऊन एसी बसतो, मग समोरच्याकडे एसी, मग कोपऱ्यावरच्याकडे दोन. विजेचं बिल येईपर्यंत सगळे जोन्सेस. ‘कीप अप विथ’ लक्षात ठेवा. ‘कोप अप विथ’ असं इंग्रजीत काही नाही, ‘कोप विथ’ एवढंच.

‘कट-थ्रोट’, ‘डॉग-ईट-डॉग’, ‘रॅट रेस’ हे तिन्ही लोक एका श्वासात वापरतात. एक पुरे. ‘कट-थ्रोट’ बाजारासाठी, इतवारी बाजारातल्या कापडाच्या भावांसाठी. ‘डॉग-ईट-डॉग’ नात्यागोत्याची पर्वा न करणाऱ्या जगासाठी, आपल्या ‘बळी तो कान पिळी’च्या जवळ. ‘रॅट रेस’ धावणाऱ्याच्या दमछाकीसाठी, त्यात जिंकण्याचा मुद्दाच नाही. आणि फार मोठी किंमत मोजून मिळालेल्या विजयाला ‘पिऱ्हिक व्हिक्टरी’. इ.स.पू. 279 मध्ये पिऱ्हस राजाने रोमनांना हरवलं पण स्वतःचे इतके लोक गमावले की आणखी एक असा विजय त्याला परवडणारा नव्हता. आपल्याकडे त्यासाठी ‘गड आला पण सिंह गेला’ आहे, आणि त्यात दुःख जास्त आहे.

दिसायला सारखे, अर्थाने वेगळे

‘पुलिंग माय लेग’ म्हणजे माझी चेष्टा करतो आहे. मराठीतलं ‘पाय ओढणं’ म्हणजे वर जाणाऱ्याला खाली खेचणं. मुलाखतीत ‘माय कलीग्ज वेअर पुलिंग माय लेग, सो आय लेफ्ट द जॉब’ असं सांगितलं तर समोरच्याला वाटेल की तुम्हाला चेष्टा सहन होत नाही. तिथे ‘पुलिंग मी डाउन’ म्हणा. अर्थात नोकरी सोडण्याचं हे कारण मुलाखतीत सांगूच नये.

‘नो मॅच फॉर’ची दिशा उलटी पडते. ‘अ इज नो मॅच फॉर ब’ म्हणजे अ कमी पडतो. ‘नागपूरच्या संत्र्याला तोड नाही’ म्हणायला कोणी ‘नागपूर ऑरेंजेस आर नो मॅच फॉर अदर ऑरेंजेस’ म्हटलं, तर त्याने आपल्याच संत्र्याला हरवलं. ‘अदर ऑरेंजेस आर नो मॅच फॉर नागपूर ऑरेंजेस’, किंवा ‘नागपूर ऑरेंजेस आर सेकंड टू नन’. ‘मीट वन्स मॅच’ म्हणजे शेरास सव्वाशेर भेटणं, इथे कर्ता शेर: ‘ही हॅज मेट हिज मॅच.’

आणि मुळातलाच दोष: ‘वी वन देम’. मराठीत ‘जिंकलो’ आणि ‘त्यांना जिंकलं’ दोन्ही चालतं. इंग्रजीत सामना ‘विन’ करतात, माणसाला ‘बीट’. ‘विन समवन ओव्हर’ म्हणजे त्याला आपल्या बाजूला वळवणं. ‘कंपीट’पुढे माणूस आला की ‘विथ’ किंवा ‘अगेन्स्ट’, बक्षीस आलं की ‘फॉर’, स्पर्धा आली की ‘इन’. हे कच्चं असेल तर आधी हे करा, वाक्प्रचार आठवडाभर थांबतील.

वही कशी करायची

एका वाक्प्रचाराला एक पान. वर पूर्ण वाक्य, नुसता वाक्प्रचार नाही. त्याखाली पेन्सिलने चित्र, कितीही ओबडधोबड. मग तीन उत्तरं, मग मराठीतला जोडीदार आणि तो कुठे फसतो ते. ‘रन फॉर देअर मनी’चं पान असं दिसेल:

द न्यू मेस गेव्ह द ओल्ड वन अ रन फॉर इट्स मनी.
चित्र: तिकीट हातात धरलेला माणूस, समोर पळणारा घोडा.
मैदान: घोड्यांची शर्यत, पैज. वेळ: चालू असताना किंवा निकालानंतर. कर्ता: झुंज देणारा.
मराठी: घाम फोडला, तुल्यबळ लढत दिली.
फसतं कुठे: बलाढ्य माणूस कर्ता केला की. ‘मनी’ला पैसे समजलं की.

रोज एक पान, आठवड्याला पाच, शनिवार-रविवार फक्त उजळणी. तीन आठवड्यांत पंधरा. क्रम असा ठेवा: पहिल्या आठवड्यात नेक अँड नेक, डार्क हॉर्स, हँड्स डाउन, बाय अ व्हिस्कर, रन फॉर देअर मनी. दुसऱ्यात टोपी, टॉवेल, दोर, बेल्ट आणि अपर हँड. तिसऱ्यात लेव्हल प्लेइंग फील्ड, गोलपोस्ट्स, थंडर, मीट वन्स मॅच, फ्रंट-रनर. उजळणीला क्रीडापानावरचा एक सामना घ्या आणि त्यावर तीन वाक्यं लिहा: आदल्या दिवशीचं, खेळ चालू असतानाचं, निकालानंतरचं. ती मोठ्याने वाचा. वेळेची चूक वहीत दिसत नाही, कानाला लगेच कळते.

ग्रुप डिस्कशनमध्ये दोन मिनिटांच्या बोलण्यात एक वाक्प्रचार, फार तर दोन. विषय समजा ‘महाल भागातली किराणा दुकानं आणि घरपोच माल देणारे अ‍ॅप’. घाईत असं निघतं: ‘किराणा शॉप्स कॅनॉट विन द अ‍ॅप्स. इट इज अ कट-थ्रोट रॅट रेस. अ‍ॅप्स आर नो मॅच फॉर शॉप्स. बट शॉपकीपर्स शुड नॉट थ्रो द टॉवेल.’ चार वाक्यं, चार चुका, आणि तिसऱ्यात तर अ‍ॅपच हरले. त्यापेक्षा: ‘द शॉप्स कान्ट बीट द अ‍ॅप्स ऑन प्राइस. ऑन क्रेडिट, दो, दे स्टिल हॅव द अपर हँड. अ ग्रोसर हू नोज हिज कस्टमर्स कॅन गिव्ह एनी अ‍ॅप अ रन फॉर इट्स मनी.’ इथे वाक्प्रचार दोनच, आणि मध्ये उधारीचा एक खरा मुद्दा. परीक्षक तो मुद्दा ऐकतो, वाक्प्रचार त्याला जाता जाता दिसतात.

आयईएलटीएसमध्ये बोलण्याच्या परीक्षेचे चार निकष असतात, शब्दसंपत्ती हा त्यातला एक. तिथे नेमका बसलेला वाक्प्रचार उपयोगी पडतो, कोंबलेला दिसून येतो. निबंधात मात्र ‘लेव्हल प्लेइंग फील्ड’ सोडून यातलं काही घालू नका. क्लायंटच्या ईमेलमध्ये ‘कट-थ्रोट’ आणि ‘बिलो द बेल्ट’ तर नकोच, प्रतिस्पर्धी कंपनीबद्दल असलं तरी. ईमेल पुढे पाठवली जाते. आणि ऐन बोलताना वाक्प्रचारातला एखादा शब्द आठवला नाही, ‘टू’ की ‘अँड’ असं झालं, तर तो अर्ध्यात सोडून साधं ‘इट वॉज व्हेरी क्लोज’ म्हणा आणि पुढच्या वाक्यावर जा.